लाइनीचा फेरफार

सातबाऱ्यावरची जमीन जागची हलत नाही. फेरफार मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतात. बिहारमधल्या मुजफ्फरपूरहून नेपाळातल्या धल्केबरला जाणाऱ्या लाइनीचं मला नेहमी तसंच वाटत आलं. टॉवर उभे राहिले ते राहिले, तारा ओढल्या त्या ओढल्या. 2016 नंतर त्या लाइनीत जे बदल झाले त्यातला एकही खालच्या रस्त्याने जाणाऱ्याला दिसला नसेल. आधी ती 132 केव्हीवर चालली, मग 220 वर, मग 400 वर. आधी वीज आपल्याकडून नेपाळला जायची, पुढे नेपाळकडून आपल्याकडे येऊ लागली, आणि 2024 मध्ये तर तिच्यावरून नेपाळची वीज बांगलादेशाच्या नावाने निघाली. दर वेळी नवी परवानगी, नवी बैठक, नवी तपासणी. माझी नोकरीतली उमेदीची वर्षं त्यातच गेली.

मी मूळचा गारखेड्याचा. उस्मानपुऱ्यातल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून इलेक्ट्रिकल केलं आणि सुरुवातीला वाळूजच्या 400 केव्ही उपकेंद्रात शिफ्टा केल्या. तिथे पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट डोक्यात बसवली जाते: समोर आयसोलेटर आहे, हातात हँडल आहे, तरी कळव्याहून कोड आल्याशिवाय हात लावायचा नाही. कळवा म्हणजे आमच्या बोलीत राज्याचं भारप्रेषण केंद्र. फोनवर कोड घ्यायचा, वेळेसकट लॉगबुकात लिहायचा, परत वाचून दाखवायचा आणि मगच ऑपरेशन. एक जुना ऑपरेटर म्हणायचा, "साहेब, ब्रेकर कुणीही मारतो. कुणाच्या सांगण्यावरून मारला ते लिहिता आलं पाहिजे." पुढे सीमेपारच्या लाइनींचे नियम मी पानंच्या पानं वाचले. वाळूजच्या त्या लॉगबुकापेक्षा वेगळं तत्त्व त्यात फारसं सापडलं नाही. फक्त कोड देणारे दोन होतात आणि दोन वेगळ्या देशांत बसतात.

मराठी माणसाला सीमा म्हटलं की बेळगाव आठवतं, आणि विजेच्या बाबतीत ते अगदीच चुकीचं नाही. 2013 च्या अखेरपर्यंत दक्षिणेचं जाळं आणि आपलं जाळं वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालत होतं. कोल्हापूर–बेळगाव, कोल्हापूर–चिकोडी या 220 केव्हीच्या लाइनी होत्या, पण दोन्ही बाजूंना एकाच वेळी जोडता येत नसत. या बाजूने भरायची किंवा त्या बाजूने. मोठी वीज न्यायची तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला एचव्हीडीसीचं बॅक-टू-बॅक केंद्र होतं: इकडची एसी वीज डीसी करायची, तिथल्या तिथे पुन्हा तिकडची एसी करायची. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर 765 केव्ही लाइन जोडली गेली आणि साऱ्या देशाची फ्रिक्वेन्सी एक झाली. हे सांगायचं कारण असं की बांगलादेशाशी आपला मोठा जोड आहे तो भद्रावतीच्याच जातीचा. ऑक्टोबर 2013 मध्ये बहरामपूर–भेरामारा लाइन सुरू झाली, तिच्या भेरामाऱ्याच्या टोकाला 500 मेगावॉटचं बॅक-टू-बॅक केंद्र आहे. पुढे तेवढंच आणखी एक आलं. तिकडे फ्रिक्वेन्सी हलली तरी आपल्याला झळ पोहोचत नाही. नेपाळचं तसं नाही. नेपाळ आपल्या जाळ्यात थेट, तारेला तार जोडून आहे. तिकडे मोठं मशीन बंद पडलं की मुजफ्फरपूरच्या मीटरवर लगेच कळतं. म्हणून या लाइनीत काही बदलायचं म्हटलं की दोन्हीकडचे लोक दबकत बोलतात, आणि ते बरोबरच आहे.

नेपाळला या लाइनीची किती निकड होती हे आपल्याकडे फारसं ठाऊक नसतं. ऑगस्ट 2008 मध्ये कुसहाजवळ कोसीचा बांध फुटला. त्या पुरात कटैयाहून नेपाळला जाणाऱ्या जुन्या 132 केव्ही लाइनीचे टॉवर गेले. त्या हिवाळ्यात काठमांडूत दिवसाचे सोळा-सोळा तास अंधार असे. मराठवाड्यातलं भारनियमन ज्याने भोगलंय त्याला वेगळं सांगायला नको. त्यानंतर 21 ऑक्टोबर 2014 ला भारत–नेपाळ वीज व्यापार करार झाला, नोव्हेंबरात काठमांडूच्या सार्क परिषदेत विजेचा चौकट करार झाला. 2015 च्या एप्रिलमध्ये भूकंप आणि सप्टेंबरपासून मधेशी आंदोलनात सीमेवरची नाकेबंदी. नाकेबंदी सुटून दोन-तीन आठवडे होतात न होतात, तोच 20 फेब्रुवारी 2016 ला दिल्लीत दोन पंतप्रधानांनी या लाइनीचं उद्‌घाटन केलं. 400 केव्हीसाठी बांधलेली दुपदरी लाइन, आणि सुरुवात 132 केव्हीवर, 80 मेगावॉटने.

त्या वेळी जाहीर झालं होतं की ऑक्टोबर 2016 पर्यंत 200 मेगावॉट आणि डिसेंबर 2017 पर्यंत 600. प्रत्यक्षात 220 केव्ही व्हायला ऑगस्ट 2018 उजाडला आणि 400 केव्ही व्हायला 2020 सरत आलं. अडकलं होतं ते धल्केबरच्या टोकाला. तिथलं मोठं उपकेंद्र उभं राहिल्याशिवाय दाब वाढवून उपयोग नव्हता. एक बाजू तयार आणि दुसरी नाही, हे सीमेवरच्या लाइनीचं नेहमीचं दुखणं. भारतातला भाग मुजफ्फरपूर ते सीतामढी जिल्ह्यातलं सुरसंड, नव्वद किलोमीटरच्या आतला. पलीकडे भिट्टामोड ते धल्केबर, चाळीसच्या आसपास. दोन भागांच्या कंपन्या वेगळ्या, कर्ज वेगळं, ठेकेदार वेगळे. आणि आर्थिक वर्षसुद्धा वेगळं. आपलं मार्चअखेरीला संपतं, नेपाळचं आषाढअखेरीला. मार्चमध्ये आम्ही बिलांच्या मागे असायचो तेव्हा ते निवांत. जुलैत ते धावपळीत असायचे तेव्हा आमच्याकडे पावसाने कामं बंद.

मी या लाइनीवर आलो ते प्रोटेक्शन आणि कमिशनिंगची कामं घेणाऱ्या एका कंपनीकडून. मुक्काम मुजफ्फरपूरला, कधी सीतामढीला. सीतेचं जन्मस्थान म्हणून सीतामढी आणि पलीकडे जनकपूर. आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिला मी नोकरीला नसून यात्रेला गेलोय असंच वाटलं. शेजारपाजारचे मात्र "बॉर्डरवर आहे" ऐकून सैन्यात भरती झाल्यासारखे बघायचे. खरी सीमा म्हणजे शेतातले दगडी खांब. दोन्हीकडे दहा-दहा गज मोकळी पट्टी, तिला तिथे दसगजा म्हणतात. तिच्यात बांधकाम चालत नाही, म्हणून टॉवर अलीकडे आणि पलीकडे. मधून फक्त तार जाते. खाली बायका गवताचे भारे घेऊन इकडून तिकडे जात-येत असतात, सशस्त्र सीमा दलाचा जवान बघत उभा असतो. दोन्हीकडे मैथिली बोलतात, दोन्हीकडे सोयरिकी.

माणसाला सीमा मोकळी, यंत्राला नाही. रिले तपासायचा संच, आमच्या भाषेत ओमिक्रॉन किट, पलीकडे न्यायचा तर भन्सारला, म्हणजे त्यांच्या कस्टमला, नोंद करून न्यायचा आणि त्याच नोंदीवर परत आणायचा. संचाचा सिरीयल नंबर कागदावरच्या नंबराशी जुळला नाही की दिवस गेला. आमचा चालक दर वेळी पुटपुटायचा, "बारात निकल जाता है इहाँ से, आपका डिब्बा नहीं निकलता." पुढे करोनाच्या एका प्रकाराला ओमिक्रॉन हेच नाव मिळालं तेव्हा आमच्या ग्रुपवर काय विनोद झाले असतील ते सांगत नाही.

आता दाब बदलतो म्हणजे नेमकं काय बदलतं? तार तीच, तिचा ओहममधला अवरोधही तोच. पण फॉल्ट ओळखणारा रिले तार पाहत नाही. तो पाहतो सीटी आणि सीव्हीटी या मोजणीच्या ट्रान्सफॉर्मरांतून आलेली छोटी प्रतिमा: काही अँपिअर, एकशेदहा व्होल्ट. 132 ची सीव्हीटी काढून 220 ची बसवली की प्रतिमेचं प्रमाण बदललं. मग रिलेमध्ये भरलेला प्रत्येक आकडा नव्याने काढायचा. डिस्टन्स रिलेचा पहिला झोन लाइनीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत बघतो आणि फॉल्ट दिसला की लगेच ब्रेकर उघडतो. दुसरा झोन पलीकडच्या टोकाच्या थोडा पुढे पाहतो, पण काही शे मिलिसेकंद थांबून. हे "थोडं पुढे" म्हणजे धल्केबरच्या पलीकडची नेपाळची लाइन. तिथे त्यांनी एखादी नवी आखूड लाइन जोडली की माझा दुसरा झोन तिच्याही पलीकडे पोहोचू शकतो, आणि त्यांच्या घरातला फॉल्ट माझ्या ब्रेकरने उघडला असं होतं. म्हणजे त्यांच्या मुलखात त्यांच्याच पैशाने त्यांनी काही बांधलं तरी मुजफ्फरपूरच्या पॅनेलमधले आकडे तपासावे लागतात. धल्केबरचा एक इंजिनिअर होता, माझ्याहून तरुण, फोनवर मला दाइ म्हणायचा. एकदा तो वैतागून म्हणाला, "दाइ, हमारे सबस्टेशन में एक बे बढ़ाते हैं तो भी आपको चिट्ठी?" मी म्हटलं, "हो. आणि आमच्याकडे ट्रान्सफॉर्मर बदलला तर तुम्हाला." दोघंही हसलो, चिठ्ठ्या दोघांनीही पाठवल्या.

चार्जिंगच्या दिवसाचं तंत्र असं असतं. लाइन नव्या दाबाने भरायची म्हणजे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विद्युत निरीक्षकाची मंजुरी पुन्हा घ्यायची. आधीची 132 ची मंजुरी चालत नाही. मग पहिल्यांदा चार्ज करण्यासाठीचे कागद कोलकात्याच्या पूर्व विभागीय भारप्रेषण केंद्राला: एकरेषीय आकृती, रिले सेटिंग, मीटरची माहिती, टेलिमेट्री दिसते की नाही ते. दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राचा कोड, काठमांडूतल्या स्युचाटारच्या त्यांच्या भारप्रेषण केंद्राचा कोड. दोन्ही कोड हातात आल्यावर दोन्ही टोकांना अर्थिंग काढल्याची खात्री, तीही नाव आणि वेळ सांगून. आधी एका टोकाने नुसती भरायची. बिनभाराची लांब लाइन पलीकडच्या टोकाला दाब चढवते. 400 केव्हीवर हा चढ चांगलाच जाणवतो, म्हणून तिकडच्या माणसाने आकडा वाचायचा आणि मी थांबायचं. मग दोन्हीकडचा फेज जुळतो का बघून पलीकडचा ब्रेकर मारायचा. या सगळ्याला ठरवून दिलेला वेळ कधीच पुरत नाही.

वेळेवरून आठवलं. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे. आणि आपल्याकडे विजेचा हिशेब पंधरा मिनिटांच्या ब्लॉकने होतो, दिवसाचे शहाण्णव ब्लॉक. म्हणजे नेपाळ आपल्यापेक्षा बरोबर एक ब्लॉक पुढे. बांगलादेश आणि भूतान दोन ब्लॉक. वेळापत्रक भारतीय वेळेत असतं हे सगळ्यांना माहीत असतं, तरी रात्री दोन वाजता फोनवर "पावणेतीनला घेऊ" म्हटलं की कुणाचे पावणेतीन हे विचारावंच लागतं. त्यात नेपाळी पत्रांवर विक्रम संवत. ऑगस्ट 2018 च्या कामाच्या पत्रांवर 2075 सालचा भाद्र महिना. आपण दिवाळीत पाडव्याला संवत बदलला म्हणतो आणि विसरून जातो. तिकडे बिलाची मुदत त्यावर चालते. मी टेबलावर त्यांचं कॅलेंडर ठेवत असे. फाइलीवर दोन्ही तारखा लिहायची सवय मला लागली ती आजही सुटलेली नाही, दूधवाल्याच्या हिशेबावरसुद्धा सुटत नाही.

400 केव्हीच्या वेळी मात्र खरा घोर रिलेचा नव्हता. तो होता जमिनीवरचा. लाइन 400 साठी बांधलेली म्हणून तिचा पट्टा 46 मीटरचा धरलेला. 132 ला सत्तावीस मीटर पुरतात. मुजफ्फरपूर म्हणजे शाही लिचीचं गाव. बागांमधून पट्टा गेला, झाडं तोडली गेली, आणि वर वीज मात्र वर्षानुवर्षं 132 आणि 220 ची. लोकांच्या डोळ्यांना ती लाइन सवयीची झाली. पट्ट्याच्या कडेने बांबू वाढले, कुणी गोठा बांधला, कुणी कडब्याची गंजी रचली. जमिनीपासून तारेचं अंतर 132 ला सहा मीटरच्या थोडं वर चालतं. 400 ला 8.84 मीटर लागतं. तार मुळात उंचच बांधली होती, पण खालची जमीन वर आली असेल तर? एका ठिकाणी रस्त्याचा भराव वाढला होता, एका ठिकाणी तळ्याची माती काढून बरोबर लाइनीखाली ढीग केला होता. लाइनमनची गँग घेऊन टॉवर टू टॉवर पेट्रोलिंग केलं, उंची मोजायची काठी आणि यंत्र दोन्ही घेऊन. हिंदी वर्तमानपत्रांत जाहीर सूचना दिली, गावांत लाउडस्पीकर लावून सायकलरिक्षा फिरवली: अमुक तारखेपासून लाइन 400 केव्हीने भरली जाणार, खाली काही करू नये.

सुरसंडकडच्या एका शेतकऱ्याने तेव्हा जे विचारलं त्याचं समाधानकारक उत्तर मला अजून देता येत नाही. त्याचा मुद्दा साधा होता: दाब तिप्पट झाला, वीज कितीतरी पटीने जाणार, कंपनीचा धंदा वाढला, मग माझी भरपाई का वाढत नाही? कायद्याचं उत्तर आहे. पारेषण कंपनीला 1885 च्या तार कायद्यातले अधिकार मिळतात. जमीन घेतली जात नाही, नुकसानीची भरपाई मिळते. पट्टा पहिल्या दिवसापासून 400 चाच धरला होता, म्हणून दाब वाढला तरी नव्याने काही देणं लागत नाही. ऑक्टोबर 2015 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या 85 टक्के धरले होते, तारांखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त 15. जून 2024 मध्ये ते अनुक्रमे 200 आणि 30 झाले. पण ते पुढच्या लाइनींसाठी. आमच्या पैठण तालुक्यात एकतुनीला 765 केव्हीचं उपकेंद्र आलं तेव्हाही शेतकऱ्यांचा सूर हाच होता. दोन देशांच्या सरकारांमधला प्रत्येक बदल लिहून, मंजूर करून, सह्या करून होतो; ज्याच्या डोक्यावरून तार जाते त्याला त्या सह्यांमध्ये कुठे जागा नाही. हे मला नियमनातलं सर्वांत मोठं वैगुण्य वाटतं.

400 केव्हीचं ते काम झालं तो करोनाचा काळ. सीमा बंद, दसगज्याच्या दोन्ही बाजूंना पोलीस. पूर्वी एकत्र बसून करायच्या तपासण्या आम्ही फोनवर आणि व्हिडिओवर केल्या. त्यांनी पॅनेलचा फोटो पाठवायचा, आम्ही आकडा वाचायचा. लाइनीच्या अर्थवायरमध्येच काचेचा तंतू असतो, ट्रिपचा सिग्नल त्यातून जातो. तसला तंतू आमच्या वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत बनतो हे तिकडे सांगितलं की लोकांना गंमत वाटे. लाइन 400 वर गेली आणि धुक्याच्या सकाळी पट्ट्यात उभं राहिलं की तारेभोवतीच्या हवेची चरचर ऐकू येऊ लागली. कोरोना म्हणतात तिलाही, दैवयोग बघा. गावातला एक म्हातारा म्हणाला, "पहिले ई लाइन चुप रहता था, अब बोलता है." मी त्याला भौतिकशास्त्र समजावायच्या फंदात पडलो नाही, खाली थांबू नका एवढंच सांगितलं.

दाब बदलला हे तांत्रिक. दिशा बदलली ते राजकारण. डिसेंबर 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत आपण शेजाऱ्यांकडून वीज घेण्यासाठी मालकी बघत होतो: प्रकल्प त्यांच्या सरकारचा किंवा निदान 51 टक्के भारतीय मालकीचा असेल तर सोपी वाट, नाही तर प्रकरणागणिक परवानगी. नेपाळ आणि भूतान दोघंही नाराज झाले. बैठकांत चहा देणारे हात तेच, पण बोलणं तुटक. डिसेंबर 2018 च्या सुधारित सूचनांनी बरंच सैल केलं, वीज बाजारात भाग घेण्याची आणि तिसऱ्या देशाशी व्यवहाराची वाटही ठेवली. मार्च 2019 मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाचे विनियम आले, फेब्रुवारी 2021 मध्ये प्राधिकरणाची कार्यपद्धती. मग नोव्हेंबर 2021 मध्ये नेपाळला आपल्या वीज बाजारात पहिल्यांदा विकायला परवानगी मिळाली ती 39 मेगावॉटची: त्रिशूलीचे 24 आणि देवीघाटचे 15. दोन्ही भारताच्या मदतीने बांधलेले प्रकल्प. परवानगी प्रकल्पागणिक, ज्यात चिनी गुंतवणूक किंवा चिनी ठेकेदार, तो बाहेर. तारेत कुठल्या धरणाची वीज आहे हे कुणाला ओळखता येत नाही. कागदाला मात्र ओळखावं लागतं. मला हे थोडं हास्यास्पद वाटतं आणि थोडं समजतंही. शेजारी कोण, त्याच्या शेजारी कोण, हे पाहून व्यवहार करणं आपल्याकडे नवीन नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नव्हे. अमेरिकेत कॅनडा किंवा मेक्सिकोला जाणाऱ्या लाइनीला 1953 च्या एका आदेशानुसार थेट राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारातलं परमिट लागतं, आता ते ऊर्जा खातं देतं. त्यातल्या अटी वाचल्या तेव्हा मला सीतामढीची आठवण झाली. वर्णनाबाहेर बदल करायचा नाही, परमिट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि राष्ट्राध्यक्ष ते पूर्वसूचना न देता रद्द करू शकतात. आणि तोडण्याचंही नियमन असतंच. फेब्रुवारी 2025 मध्ये लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया यांनी रशियाच्या जाळ्याशी जोडलेल्या लाइनी उघडल्या आणि दुसऱ्या दिवशी युरोपच्या जाळ्यात शिरले. त्यामागे कित्येक वर्षांची तयारी होती.

आपल्याकडे नियम रातोरात बदलल्याचं एक उदाहरण ऑगस्ट 2024 चं. ढाक्यात सरकार कोसळलं आणि आठवड्याच्या आत 2018 च्या त्या सूचनांमध्ये दुरुस्ती आली: फक्त शेजारी देशासाठी बांधलेल्या वीज केंद्राची वीज तिकडे सतत उचलली गेली नाही किंवा पैसे थकले, तर त्याला भारतीय जाळ्यात जोडता येईल. झारखंडमधलं गोड्डाचं 1600 मेगावॉटचं केंद्र तेवढंच त्या वर्णनात बसत होतं. जी लवचीकता नेपाळला मिळायला अनेक वर्षं बैठका लागल्या ती इथे काही दिवसांत आली. नियम करणाऱ्यांना वेग जमतो, असा माझा निष्कर्ष. कुणासाठी जमतो हा वेगळा प्रश्न.

त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला काठमांडूत त्रिपक्षीय करार झाला आणि 15 नोव्हेंबरला नेपाळची 40 मेगावॉट वीज भारतातून बांगलादेशाला गेली, त्या हंगामापुरती एकाच दिवसासाठी. युनिटला 6.4 अमेरिकी सेंट. मोजणी मुजफ्फरपूरला. प्रत्यक्षात नेपाळातली वीज काही भेरामाऱ्याला पोहोचली नाही. इकडे 40 आले, तिकडे वाटेतली घट वजा करून गेले, मधे आपलं जाळं. तरी त्या दिवशी धल्केबरच्या त्या इंजिनिअरने मला फोटो पाठवला, मीटरचा. खाली लिहिलं होतं, "दाइ, आज हमारा बिजली पासपोर्ट लेके गया."

आता मी घरी, संभाजीनगरात. गंगापूरचे काका आले की हमखास सुनावतात, "आमच्या मोटारीला रात्री थ्री फेज, आठवड्याआड दिवसा; आणि तू म्हणे नेपाळला वीज पोहोचवत होतास." मी सांगतो की पावसाळ्यात ते आपल्याला देतात, हिवाळ्यात आपण त्यांना, त्यांच्या नद्या थंडीत आटतात म्हणून. काका ऐकून घेतात आणि विचारतात, "मग पावसाळ्यात तरी दिवसा का नाही?" या प्रश्नाला मुजफ्फरपूर–धल्केबरकडे उत्तर नाही.

जालन्याचा एक पोरगा, आमच्याच कॉलेजचा, सध्या गोरखपूर–बुटवल या नव्या 400 केव्ही लाइनीच्या कामावर आहे. परवा त्याचा फोन आला. अर्जात किती मेगावॉट लिहावेत, कुठल्या दिशेने, यावर त्याच्या ऑफिसात वाद चाललाय. मी म्हटलं, दोन्ही दिशा लिही, आज लागणारा आकडा लिही आणि लाइन पूर्ण क्षमतेने चालेल तेव्हाचाही लिही, म्हणजे पाच वर्षांनी पुन्हा त्याच टेबलापुढे उभं राहावं लागणार नाही. तो जरा थांबला.

"सर, मग त्यातच बांगलादेशचंही लिहू का?"

"नको," मी म्हटलं, "त्याचा अर्ज वेगळा."